पॅनेल पंपाला की वाहिनीला?

वऱ्हाडात हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आणि कडाक्याच्या थंडीचे दिवस एकच. कृषिवाहिनीवर वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रीची पाळी आली की अकोला-अमरावतीचा शेतकरी अंधारात, साप-विंचवाच्या वावरात ओलीत करायला जातो. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगरजीवाश्म वीजक्षमता उभारण्याचे भारताचे उद्दिष्ट त्याला आपले वाटेल ते दिवसा वीज मिळाली तरच. त्यासाठी राज्यात दोन वाटा चालू आहेत. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत दहा टक्के रक्कम भरून (अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के) स्वतःचा संच घ्यायचा. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' मध्ये उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प उभारून अख्ख्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. वाहिनी जिथे पोचली आहे तिथे दुसरी वाट धरावी, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण इथल्या पिकांत आहे. सोयाबीन, कापूस, तूर ही पिके बहुतांशी पावसावर येतात. पंप खरा चालतो तो रब्बीत. संत्र्याच्या बागा सोडल्या तर एप्रिल-मेच्या लख्ख उन्हात बरीचशी वावरे मोकळी असतात. वावरातल्या पॅनेलची वीज तेव्हा घ्यायला कुणी नसते, म्हणून ती तयारच होत नाही. तेच पॅनेल उपकेंद्राशी जोडलेले असेल, तर तीच वीज गावातल्या पंख्यांना आणि अकोल्यातल्या डाळमिलना मिळते. पावसाळ्यात ढग असतात हे खरे, पण पंपांची मागणीही तेव्हाच कमी असते. उष्णतेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजतात आणि त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. अकोल्याच्या उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर घट १२ ते १६ टक्क्यांवर जाते. तरीही पाच हिश्श्यांतले चारांहून अधिक हाती उरतात. सूर्य मावळल्यावर मात्र पारसच्या २५० मेगावॅटच्या दोन संचांसारखी औष्णिक वीज किंवा साठवणूक लागेलच. मेळघाटातल्या, जिथे तारच पोचलेली नाही अशा पाड्यांवर स्वतंत्र सौरपंपच योग्य.

सर्वांत गंभीर आक्षेप पाण्याचा आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. दिवसभर फुकट वीज मिळाली, तर वरूड-मोर्शीतले आधीच खोल गेलेले भूजल आणखी खाली जाईल. पण वावरातल्या स्वतंत्र पॅनेलवरच्या उपशाचे तास कुणी ठरवून देत नाही. वाहिनीवरची वीज निदान उपकेंद्रात मोजली जाते आणि तिचे तास ठरवता येतात. गायरानावर प्रकल्प येणार असेल तर गुरांच्या चराईची सोय आधी व्हायला हवी. ती अट घालूनच, आपली कृषिवाहिनी सौर प्रकल्पाला कधी जोडणार, हे येत्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर ठरावात लिहून घ्या.