सूर सर्वांसाठी – भाग ५ : नाव नसलेली बटणं

मागच्या भागात आपण ब्रेल स्वरलिपी पाहिली. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवत, त्यामुळे १८२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात अक्षरांच्या जोडीला स्वरलेखनालाही जागा मिळाली होती. या आठवड्यात स्टुडिओत जाऊ.

टेपच्या जमान्यात अंध संगीतकाराला रेकॉर्डिंगची यंत्रं फारशी परकी नव्हती. मिक्सरवरचा प्रत्येक फेडर ठरलेल्या जागी असे आणि सरावाने ती जागा बोटांना पाठ होई. मग अख्खा स्टुडिओ संगणकात शिरला. फेडर, मीटर, नॉब यांची नुसती चित्रं झाली, आणि सपाट काचेवर बोटांना काही लागेना. यंत्रं सुधारली, पण अंध कलाकाराच्या हातून निसटली.

यावरचा उपाय म्हणजे स्क्रीन रीडर, अर्थात पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी उभा केलेला ‘एनव्हीडीए’ मोफत मिळतो. त्याच्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ हा आवाज मराठीही वाचतो. उच्चार यांत्रिक असतात, पण काम भागतं.

मात्र स्क्रीन रीडर सहसा पडद्याकडे ‘बघत’ नाही. तो प्रोग्रामला विचारतो: इथे काय आहे, त्याचं नाव काय, ते चालू आहे की बंद? विंडोजची तयार बटणं वापरली असतील तर उत्तर आपोआप मिळतं. संगीताच्या प्लगइनमध्ये मात्र लाकडी पॅनल आणि चकचकीत पितळी नॉब हौसेने रंगवलेले असतात. डोळ्यांना देखणे, पण आतून निनावी. स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही.

‘रीपर’ या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडता येणारं ‘ओसारा’ हे मोफत एक्स्टेन्शन ही कोंडी फोडतं. त्याची सुरुवातही टेह यांचीच. बाणाची कळ दाबली की पुढच्या ट्रॅकचं नाव ऐकू येतं, तो म्यूट आहे का, रेकॉर्डिंगसाठी सज्ज आहे का, तेही कळतं. आवाज मर्यादेपलीकडे गेला की डोळस माणसाला मीटरवर लाल दिवा दिसतो. ओसारातला ‘पीक वॉचर’ तीच सूचना बोलून देतो.

सर्वांत हुशारीची युक्ती प्लगइनसाठी आहे. गाणं चालू असताना एखादा नॉब आपोआप फिरावा, म्हणून प्लगइन आपल्या नॉबांची यादी मुख्य सॉफ्टवेअरला आधीच देऊन ठेवतं. ही सोय ऑटोमेशनसाठी असते. ओसारा तीच यादी उघडून एकेक नाव आणि किंमत वाचून दाखवतं. मग कळफलकावरूनच रिव्हर्ब कमी-जास्त करता येतो, चित्राला हात लावावा लागत नाही.

तरी एक अडचण उरतेच. गाणंही कानाने ऐकायचं आणि सूचनाही कानानेच. म्हणून अनेक जण स्क्रीन रीडरचा आवाज वेगळ्या साउंड कार्डवर काढतात आणि त्याचा वेग इतका वाढवतात की नवख्याला शब्दही लागू नये. हाताशी ब्रेल डिस्प्ले असेल तर सूचना बोटांखाली येतात आणि कान गाण्यासाठी मोकळे राहतात. अर्थात ही उपकरणं महाग असतात.

ओसाराची मर्यादा प्लगइन बनवणाऱ्यांच्या हातात आहे. त्यांनी यादीत नॉबला धड नाव दिलंच नसेल, तर ‘पॅरामीटर १७’ ऐकून कोणाला काय बोध होणार? सॉफ्टवेअर लिहितानाच प्रत्येक बटणाला नाव देणं सोपं असतं. पाच वर्षांनी, हजारो ओळी लिहून झाल्यावर तेच काम डोंगराएवढं होतं. त्यामुळे प्लगइन विकत घेण्याआधी ‘हे स्क्रीन रीडरवर चालतं का?’ असं कंपनीला डोळस ग्राहकांनीही विचारायला हवं. मागणी कानावर आली तरच कंपन्या हलतात.

पुढच्या आठवड्यात : हात न लावता वाजणारी वाद्यं.