काम कुठे अडलं?

"सिस्टिम स्लो आहे." मेनफ्रेम सांभाळणाऱ्यांच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडणारं वाक्य हेच असावं. कुठली सिस्टिम, कोणासाठी स्लो, कधीपासून, काल याच वेळी किती सेकंद लागत होते, यातलं काहीच त्यात नसतं. समोर एकाच मशीनवर दहा-बारा एलपार, म्हणजे मशीनचे स्वतंत्र भाग, एकेका एलपारवर सीआयसीएसचे ढीगभर रीजन, डीबीटू, एमक्यू, आणि त्यांच्या जोडीला बॅचचे शेकडो जॉब. तेवढ्या तक्रारीवरून या गर्दीतली नेमकी अडलेली जागा शोधायची असते, तीही कॉन्फरन्स कॉलवर पंधरा-वीस माणसं ताटकळत असताना. परफॉर्मन्स मॉनिटर नावाचं सॉफ्टवेअर असतं ते यासाठी.

विकणारे डेमो देतात तेव्हा पडद्यावर रंगीत डायल फिरतात, सीपीयूचे टक्के वरखाली होतात, आणि बघणारा व्यवस्थापक खूश होतो. माझा आग्रह असा की तो पडदा बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारावेत. अडलेलं काम कशाची वाट बघतंय, हे तुमचं सॉफ्टवेअर सांगतं का? आणि आज सांगितलेलं महिन्यानंतर पुन्हा तपासता येतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर बाकी सगळं जमवून घेता येतं.

आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली. त्या काळात मोजमापाचा एक मार्ग होता हार्डवेअर मॉनिटरचा. कॅबिनेट उघडून आतल्या पिनांना प्रोब लावायचे, सिग्नलवर काउंटर फिरू द्यायचे आणि आकडे टेपवर उतरवून घ्यायचे. सीपीयू किती वेळ चालला, चॅनेल किती वेळ गुंतलं, हे त्यातून अचूक कळायचं. ते कोणाच्या कामासाठी, हे मात्र कळायचं नाही. ती उणीव सॉफ्टवेअरनं भरून काढली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात केनेथ कोलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं बूल अँड बॅबेज ही कंपनी काढली. त्यांच्या मॉनिटरची युक्ती साधी होती: ठरावीक अंतरानं चालत्या प्रोग्राममध्ये डोकावायचं आणि तो त्या क्षणी कुठे आहे ते टिपून ठेवायचं. अशी हजारो टिपणं जमली की वेळ कुठे जातो ते आपोआप दिसू लागतं. आजही हीच युक्ती चालते. झेडओएस या आजच्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिमचं मोजमापाचं साधन आरएमएफ साधारणपणे सेकंदाला एकदा डोकावतं, आणि तिच्यातला वर्कलोड मॅनेजर, म्हणजे डब्ल्यूएलएम, सेकंदाला चार वेळा.

पण या सगळ्याचा पाया एसएमएफ आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस ही सोय ओएस/३६० मध्ये आली, ती हिशेबासाठी: कोणत्या खात्याच्या जॉबनं मशीन किती वापरलं आणि त्याचं बिल किती. तेव्हापासून ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच आपल्या कामाची रोजनिशी लिहीत आली आहे. प्रत्येक नोंदीला प्रकाराचा क्रमांक असतो. जॉब आणि स्टेपची नोंद ३० क्रमांकाची, आरएमएफची ७० ते ७९, डीबीटूच्या १०० ते १०२, सीआयसीएसची ११०. नोंदीच्या आत प्रत्येक विभागासाठी तीन आकडे दिलेले असतात: विभाग कुठून सुरू होतो, किती लांबीचा आहे आणि असे किती आहेत. आयबीएमनं उद्या नवी फील्ड वाढवली तरी जुना प्रोग्राम हे तीन आकडे वाचून आपल्या जागी बरोबर पोहोचतो. कोणीतरी फार विचार करून हे केलं आहे, आणि मला ते अतिशय सुंदर वाटतं. तीस वर्षांपूर्वीचा रिपोर्ट-प्रोग्राम आजच्या झेडओएसवर चालताना दिसतो, त्याचं श्रेय या मांडणीला बरंच आहे.

या नोंदी वाचता येण्यासारख्या करण्यात बॅरी मेरिल यांचा वाटा मोठा. सॅस या भाषेतून एसएमएफ उलगडायची पद्धत त्यांनी बसवली, १९८० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, १९८४ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली, आणि त्यातूनच एमएक्सजी हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. ते सोर्स कोडसकट मिळतं. कुठला आकडा कुठून आला याची शंका आली तर कोड उघडून बघता येतं. माझ्या हिशेबी विकत घ्यायच्या कुठल्याही मॉनिटरकडून हीच अपेक्षा असावी: त्यानं दाखवलेला आकडा एसएमएफच्या कुठल्या फील्डमधून आला ते सांगता आलं पाहिजे.

आता वाट बघण्याकडे येतो, कारण सगळं मर्म तिथे आहे.

रांगेचं गणित सरळ आहे. एकच प्रोसेसर आहे आणि कामं अनियमित येत आहेत असं धरलं, तर तो ५० टक्के गुंतलेला असताना कामाला मूळच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० टक्क्यांवर दहापट. प्रोसेसर जास्त असले की हे वळण उशिरा येतं, पण आलं की तीव्र येतं. त्यामुळे नवशिका माणूस ९० टक्के बघून घाबरतो. मेनफ्रेमवर मात्र १०० टक्के ही रोजची गोष्ट आहे. मशीन इतकं महाग आहे की ते रिकामं ठेवणं कोणालाच परवडत नाही, आणि डब्ल्यूएलएम आहे तो नेमका अशा गर्दीत कोणाला पुढे सोडायचं हे ठरवायला. १९९४ मध्ये झेडओएसच्या पूर्वजाच्या, एमव्हीएस/ईएसएच्या, पाचव्या आवृत्तीबरोबर तो आला आणि कामाची भाषाच बदलली. अमुक जॉबला इतकी प्रायॉरिटी असं सांगायच्या जागी 'या वर्गातले ९० टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदात संपले पाहिजेत' असं सांगता येऊ लागलं. सोबत त्या वर्गाचं महत्त्व द्यायचं, १ ते ५. दर दहा सेकंदांनी डब्ल्यूएलएम ताळा घेतो. कोणाचा परफॉर्मन्स इंडेक्स १ च्या वर गेला, म्हणजे उद्दिष्ट हुकलं, हे बघतो आणि कमी महत्त्वाच्या कामाकडून साधनं काढून तिकडे देतो.

म्हणून मॉनिटरवर सीपीयूच्या टक्क्यांचा अलार्म लावणाऱ्या ठिकाणी रोज खोटे अलार्म वाजतात, आणि महिन्याभरात ऑपरेटर ते न वाचताच बंद करू लागतात. अलार्म लावायचा तो परफॉर्मन्स इंडेक्सवर. महत्त्व १ आणि २ च्या वर्गांचा इंडेक्स लागोपाठ तीन-चार अंतरांत १ च्या वर राहिला तर वाजवा. मशीन १०० टक्क्यांवर आहे पण वरचे वर्ग समाधानी आहेत, तर कोणाचीही झोप मोडायचं कारण नाही.

आता एक नमुना जवळून बघू. आरएमएफच्या सीपीयू रिपोर्टमध्ये प्रत्येक प्रोसेसरसमोर दोन रकाने असतात, एमव्हीएस बिझी आणि एलपार बिझी. समजा पहिल्यात ९८ आहे आणि दुसऱ्यात ४१. म्हणजे झेडओएसच्या दृष्टीनं त्याचे प्रोसेसर जवळजवळ पूर्ण गुंतलेले आहेत, पण खऱ्या, भौतिक प्रोसेसरवर त्याला वेळ मिळाला तो ४१ टक्केच. उरलेला वेळ तो रांगेत उभा होता. शेजारच्या एलपारनं मशीन व्यापलं होतं, किंवा याचं वेट, म्हणजे ठरवून दिलेला वाटा, कमी होतं, किंवा कॅपिंग, म्हणजे वापराची वरची मर्यादा, लागलं होतं. अॅप्लिकेशनवाले आपला कोड तपासत बसतात, डीबीए इंडेक्स बघतात, आणि दोघांचाही दिवस वाया जातो. हे दोन आकडे शेजारी शेजारी न दाखवणारा मॉनिटर मी कोणालाही सुचवणार नाही.

डिस्कचंही तसंच. एका आयओला लागलेला वेळ चार तुकड्यांत मिळतो. आयओएसक्यू म्हणजे झेडओएसच्या आतच त्या डिव्हाइसपुढे लागलेली रांग. पेंड म्हणजे विनंती निघाली, पण चॅनेल, कंट्रोल युनिट किंवा दुसऱ्या सिस्टिमनं धरून ठेवलेला डिव्हाइस मोकळा नाही. डिस्कनेक्ट म्हणजे डेटा कॅशेमध्ये सापडला नाही, किंवा लिहिलेलं दूरच्या केंद्रावर पोहोचल्याची पावती यायची आहे. कनेक्ट म्हणजे प्रत्यक्ष देवाणघेवाण. पन्नास किलोमीटरवरच्या केंद्रात तत्क्षणी प्रत ठेवायची असेल, तर फायबरमधून प्रकाशाला जाऊन यायलाच अर्धा मिलिसेकंद लागतो. डिस्कनेक्टचा वेळ वाढलेला दिसला आणि कारण हे निघालं, तर कितीही ट्यूनिंग केलं तरी तो अर्धा मिलिसेकंद परत येत नाही. चारांपैकी कुठला तुकडा फुगला हे कळलं की निम्मं काम झालं. नुसता सरासरी रिस्पॉन्स टाइम सांगणारा रिपोर्ट त्यामुळे निरुपयोगी.

डीबीटूनं ही शिस्त फार चांगली पाळली आहे. त्याच्या अकाउंटिंग नोंदीत क्लास १ मध्ये एकूण वेळ येतो, क्लास २ मध्ये त्यातला डीबीटूच्या आत गेलेला, आणि क्लास ३ मध्ये आत गेल्यावर थांबण्यात गेलेला: लॉकसाठी किती, आयओसाठी किती, लॉग लिहिण्यासाठी किती. एखादा जॉब रात्री लटकला आणि क्लास ३ मध्ये लॉकचा आकडा डोंगराएवढा असेल, तर लॉक धरून बसलेला दुसरा जॉब शोधायचा. क्लास १ मोठा आणि क्लास २ बारीक असेल, तर डीबीटूवाल्यांना सोडून अॅप्लिकेशनकडे जायचं. कॉन्फरन्स कॉलवरचे कितीतरी वाद या एका नोंदीनं मिटतात.

बाजारात नावं मोजकी आहेत. ऑब्री चेरनिक यांनी १९७६ मध्ये काढलेल्या कँडल कंपनीचं ओमेगामॉन २००४ पासून आयबीएमकडे आहे. बूल अँड बॅबेज १९९९ मध्ये बीएमसीनं घेतली आणि मेनव्ह्यू हा मॉनिटर तिच्याबरोबर आला. सीएचं सिसव्ह्यू २०१८ च्या खरेदीनंतर ब्रॉडकॉमकडे गेलं. मालक बदलले, लोगो बदलले, एसएमएफच्या नोंदी जागच्या जागी राहिल्या. आरएमएफ हे स्वतः झेडओएसचं ऐच्छिक, वेगळे पैसे पडणारं अंग आहे, आणि त्याच्या जागी बीएमसीचं सीएमएफ वापरणारी ठिकाणंही आहेत. आरएमएफ किंवा सीएमएफ यांतलं एक नीट लावलेलं असेल, तर सिस्टिमचा बराचसा भाग नजरेखाली येतो. वेगळा मॉनिटर लागतो तो मुख्यतः सीआयसीएस, डीबीटू, आयएमएस आणि एमक्यूच्या आत डोकावण्यासाठी, आणि तोही आत्ता, या मिनिटाला.

निवडीची चाचणी रिकाम्या टेस्ट एलपारवर घेऊ नये. मॉनिटरलाही सीपीयू लागतो, आणि किती लागतो हे भार आल्याशिवाय कळत नाही. तो स्वतः एक अॅड्रेस स्पेस आहे, तेव्हा त्याचीही ३० क्रमांकाची नोंद होते. चाचणीच्या आठवड्यात ती रोज काढून बघावी. सीआयसीएस आणि डीबीटूचे सविस्तर ट्रेस चालू ठेवून विकणारा माणूस प्रत्येक व्यवहार दाखवतो, ते बघायला छान वाटतं, पण महिनाअखेरीच्या भारावर तेच ट्रेस ओझं होतात. परवानगीचाही प्रश्न आहे. हे मॉनिटर नुसते बघत नाहीत, त्यांच्या पडद्यावरून काम कॅन्सल करता येतं, चालू सेटिंग बदलता येतं. रॅकफमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या परवानगी-व्यवस्थेत, कोणाला काय देणार हे ठरल्याशिवाय प्रॉडक्शनवर बसवणं मला गैर वाटतं. आणि करार वाचताना लायसन्सची किंमत मशीनच्या क्षमतेशी बांधलेली आहे का ते बघावं. तशी असेल तर मशीन मोठं केलं की काहीही नवं न मिळता मॉनिटरही महाग होतो.

पैशाचा दुसरा हिशेब याहून मोठा आहे. २००० साली झेड-९०० बरोबर आयबीएमनं सॉफ्टवेअरच्या बिलाची पद्धत बदलली. मशीनच्या पूर्ण क्षमतेऐवजी प्रत्यक्ष वापर बघायचा, तो सरकत्या चार तासांच्या सरासरीनं, आणि महिन्यातल्या सगळ्यात उंच सरासरीवर बिल. हा महिना दोन तारखेला सुरू होतो आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला संपतो. बिलासाठी एससीआरटी हे साधन वाचतं ते पुन्हा एसएमएफच, ७० आणि ८९ क्रमांकाच्या नोंदी. म्हणजे महिनाभरातले चार तास अख्ख्या महिन्याची किंमत ठरवू शकतात. ऑनलाइनच्या ऐन गर्दीत चालणारा एखादा भला मोठा रिपोर्टचा जॉब तीन तास पुढे ढकलला, तर एकही प्रोसेसर न वाढवता बिल उतरतं. २०१९ पासून टेलर्ड फिट प्रायसिंग आलं आणि ते घेतलेल्या ठिकाणी या शिखराची धास्ती कमी झाली. तरीही कुठल्या कामाला किती सीपीयू लागतो हे माहीत असण्याची गरज तिथेही संपत नाही.

या सगळ्याशी पुण्या-मुंबईचं नातं जुनं आहे आणि रोजचं आहे. बीएमसीचं मोठं विकासकेंद्र पुण्यात आहे, आणि परदेशी बँका-विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर लक्ष ठेवणाऱ्या कितीतरी टीम या दोन शहरांत बसतात. न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यातली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, त्यामुळे तिथली रात्रीची बॅच इथल्या सकाळच्या शिफ्टला येते, आणि तिथल्या ऑनलाइनची दुपारची गर्दी इथे रात्री अकरा-बाराला. या शिफ्टमधली मुलं-मुली प्रोसेस पाठ असल्यासारखी तक्रारींची तिकिटं पुढे पाठवतात आणि मॉनिटरचा पहिलाच पडदा बघतात, याचं मला वाईट वाटतं. त्यांना आरएमएफचा तिसरा मॉनिटर, त्यातला डिलेचा पडदा, कोण कशासाठी किती टक्के थांबलंय ते दाखवणारा, कोणी शिकवतच नाही. तो शिकायला दोन दुपारी पुरतात. ज्या टीमनं तो शिकवला तिथली पोरं तिकिटावर 'सिस्टिम स्लो' असं लिहीत नाहीत. अमुक जॉब अमुक डेटासेटच्या एन्क्यूवर, म्हणजे ताब्यासाठीच्या रांगेत, अडला, धरून बसलाय तो अमुक, असं लिहितात.

राहता राहिली साठवण. प्रत्यक्ष वेळेचा मॉनिटर काही तासांचा इतिहास ठेवतो, फार तर काही दिवसांचा. खरी तुलना मात्र मार्चअखेरीची गेल्या मार्चअखेरीशी करायची असते. म्हणून ७० आणि ७२ क्रमांकाच्या नोंदी किमान तेरा महिने ठेवाव्यात, आणि पंधरा मिनिटांच्या अंतरानंच ठेवाव्यात. जागा वाचवायला त्यांची दिवसाची सरासरी काढून मूळ नोंदी पुसणारी ठिकाणं आहेत. त्या सरासरीत सकाळी अकराची गर्दी आणि पहाटे चारची शांतता एकत्र मिसळून जाते, आणि त्यातून पुढच्या वर्षी किती प्रोसेसर लागतील याचं उत्तर काढता येत नाही. टेप त्यामानानं फार स्वस्त आहे.