वास्तू आणि आत्मकथन : सर जॉन सोन याचे घर

आत्मचरित्र म्हटले की ग्रंथच डोळ्यांसमोर येतो. परंतु लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स या चौकातील १३ क्रमांकाचे घर पाहिल्यावर या समजुतीची फेरतपासणी करावीशी वाटते. सर जॉन सोन (१७५३–१८३७) हा गवंड्याचा मुलगा. पुढे बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुशिल्पी आणि रॉयल अकॅडमीत वास्तुकलेचा प्राध्यापक झाला. बँकेत त्याने उभारलेली बहुतेक दालने १९२० नंतरच्या दोन दशकांत पाडली गेली. नवी इमारत बांधली ती हर्बर्ट बेकरने, ज्याच्या सचिवालयाच्या वास्तू दिल्लीत आपण नित्य पाहतो. त्यामुळे सोन जाणून घ्यायचा तर त्याच्या घरीच जावे लागते.

घर अरुंद आहे, आणि त्यात वस्तूंची दाटी विलक्षण आहे. न्याहारीच्या खोलीवरील उथळ घुमटात छोटे बहिर्वक्र आरसे बसविलेले आहेत. प्रकाश घुमटाच्या कडेने, जणू लपून, खाली उतरतो. चित्रांच्या लहानशा खोलीत भिंतीच कपाटाच्या दारांसारख्या उघडतात व तेवढ्याच जागेत शंभराहून अधिक चित्रे मावतात. हॉगार्थची एका उधळ्या वारसाच्या अधःपाताची आठ चित्रे त्यांत आहेत. तळघरात इजिप्तचा राजा सेती पहिला याची शवपेटिका आहे. ब्रिटिश म्युझियमने नाकारल्यावर सोनने ती १८२४ साली दोन हजार पौंडांना घेतली. जवळच ‘पाद्रे जोवान्नी’ नामक मठवासीयाची खोली लागते. हा साधू कधी झालाच नाही. जॉन या नावाचे इटालियन रूप घेऊन सोनने आपलेच एक पात्र निर्मिले. त्याच्या अंगणातील थडग्यात मात्र पुरली आहे ती सोनच्या पत्नीची लाडकी कुत्री!

या विनोदाच्या तळाशी दुःख आहे. धाकटा मुलगा जॉर्ज लेखक होता. १८१५ च्या सप्टेंबरात त्याने एका नियतकालिकात निनावी दोन लेख लिहून बापाच्या वास्तुकलेची, या घराचीही, कुचेष्टा केली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला आई एलायझा निवर्तली. सोनने मुलाला जबाबदार धरले, आणि ते लेख चौकटीत बसवून, त्यांना मृत्यूचे घाव ठरविणारा मथळा देऊन घरात टांगले. थोरला मुलगा १८२३ साली गेला. १८३३ साली सोनने पार्लमेंटकडून खास कायदा संमत करून घेतला: आपल्यामागे घर व संग्रह राष्ट्राकडे जावा आणि मांडणी शक्य तितकी मृत्युसमयीच्याप्रमाणेच राहावी. जॉर्जचा घरावरील वारसा अशा रीतीने संपला.

आत्मचरित्रकार प्रतिपक्षाची साक्ष बहुधा गाळतो. सोनने ती गाळली नाही. आरोपपत्र म्हणून मांडली आणि आपल्या मांडणीला कायद्याचे संरक्षण मिळविले. म्हणून हे घर सश्रद्ध नव्हे, सावध वाचकाने वाचावे असे मला वाटते. गंमत अशी की १८१२ साली, घर बांधले जात असतानाच, त्याने एका हस्तलिखितात त्याचे भावी भग्नावशेष कल्पिले होते. ते पाहणारा पुराणवस्तुसंशोधक हे मंदिर, मठ की मांत्रिकाचे घर, या तर्कात गुरफटतो.

काही कपाटे सोनने मोहोरबंद करून ठेवली. ती १८६६, १८८६ आणि १८९६ साली उघडावीत असे त्याने सांगितले होते, आणि दिवस नेमला होता तो २२ नोव्हेंबर.