कनेक्शन : एक शब्द, तीन अर्थ (लिनक्स संगणकावरील तारेच्या व बिनतारी जोडणीची व्यवस्था)

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी भाषकाच्या नित्याच्या बोलण्यात ‘कनेक्शन’ हा शब्द निदान तीन अर्थांनी येतो. विजेचे वा गॅसचे कनेक्शन ‘घेतले’ जाते, तेव्हा त्याचा अर्थ दप्तरी नोंदलेली व्यवस्था असा असतो. ‘कनेक्शन सैल झाले’ असे म्हणताना वक्त्याच्या मनात तार किंवा तिचे टोक असते. बोलता बोलता ‘कनेक्शन तुटले’, तेव्हा मात्र तार जागेवर असते, व्यवस्थाही कायम असते. तुटलेला असतो तो त्या क्षणीचा प्रत्यक्ष संबंध. व्यवहारात संदर्भामुळे या तीन अर्थांची गल्लत होत नाही. लिनक्स प्रणालीच्या संगणकावर मात्र ती वारंवार होते आणि तिची किंमत अभ्यासकाला मोजावी लागते. बोलींची ध्वनिमुद्रणे ज्यावर साठविली आहेत, तो प्रयोगशाळेतील संगणक सुट्टीच्या दिवशी घरून गाठता येत नाही. तारेची जोडणी ‘नव्याने करू’ म्हणून कोणी जुनी नोंद पुसतो आणि ती परत येत नाही. कोणी विद्यापीठाचा पासवर्ड नकळत परक्याच्या हाती देतो. या आपत्ती वरकरणी भिन्न असल्या, तरी नोंद ही तारेहून आणि प्रत्यक्ष संबंधाहून निराळी, स्वतंत्र वस्तू आहे, याचा विसर हे त्यांचे समान कारण होय. प्रस्तुत लेखात हा भेद विशद करून त्याचा व्यवहारातील उपयोग दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२. व्यवस्थापक आणि त्याची परिभाषा

फेडोरा, उबुंटू इत्यादी प्रचलित लिनक्स संचांच्या डेस्कटॉप आवृत्तींत हे काम ‘नेटवर्कमॅनेजर’ नावाचा कार्यक्रम करतो. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये त्याचा आरंभ केला. पडद्याच्या कोपऱ्यातील वाय-फायचे चिन्ह, ग्नोम वा केडीई यांची सेटिंगची पाने आणि ‘एनएमसीएलआय’ ही टंकित आज्ञा ही सर्व त्याच एका व्यवस्थापकाची निरनिराळी दारे आहेत. कोणत्याही दाराने गेले, तरी आतील दप्तर एकच.

या दप्तरात दोन याद्या असतात. पहिली ‘डिव्हाइस’ची, म्हणजे साधनांची, दुसरी ‘कनेक्शन’ची, म्हणजे नोंदींची. एखादी नोंद एखाद्या साधनावर लागू केली, म्हणजे तिसरी वस्तू सिद्ध होते. ती प्रत्यक्ष जोडणी. कोशातील नोंद आणि त्या शब्दाचा प्रत्यक्ष उच्चार यांत जो भेद आहे, तोच येथेही आहे. उच्चार थांबला म्हणून कोशातील शब्द नष्ट होत नाही. तद्वत राउटर बंद पडला म्हणून नोंद नाहीशी होत नाही. एका साधनासाठी अनेक नोंदी असू शकतात: विभागातील, वसतिगृहातील, घरची. परंतु साधनावर एका वेळी त्यांपैकी एकच लागू असते.

३. साधनांची नावे

पूर्वी तारेच्या साधनांना ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे मिळत. संगणक सुरू होताना जे साधन प्रथम आढळेल, ते शून्य. त्यामुळे दोन तारा असलेल्या संगणकावर आजचा शून्य उद्या एक होण्याचा संभव असे. सिस्टिमडी या प्रणालीच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, नावे सार्थ झाली. ‘ईएनपी३एस०’ हे नाव प्रथमदर्शनी निरर्थक वाटते. वस्तुतः ते सामासिक आहे. त्यातील ‘ईएन’ हे पद इथरनेटचे म्हणजे तारेचे, ‘पी३’ हे संगणकातील तिसऱ्या पीसीआय मार्गाचे आणि ‘एस०’ हे त्या मार्गावरील शून्य क्रमांकाच्या जागेचे वाचक आहे. ‘डब्ल्यूएलपी२एस०’ यातील आरंभीचे ‘डब्ल्यूएल’ हे पद बिनतारी साधनाचे होय. मूळ फळीवरच बसविलेल्या साधनाच्या नावात ‘ईएन’नंतर ‘ओ’ येतो.

हे नाव साधनाचे स्थान सांगते, व्यक्तित्व नव्हे. संगणकात नवे कार्ड बसविल्यास मार्गांचे क्रमांक बदलून जुन्याच साधनाचे नावही बदलू शकते. आणि नोंदीत जुने नाव बांधलेले असेल, तर तार, साधन व नोंद तिन्ही सुस्थितीत असूनही जोडणी होत नाही. अशा वेळी दुरुस्ती तारेत नव्हे, नोंदीतील एका शब्दात करावयाची असते.

४. नोंदीचा जन्म आणि लोप

बिनतारी नोंद वापरणाऱ्याच्या हातून जन्मते. जाळे निवडून पासवर्ड दिला की ती तयार होते. तारेचे तसे नाही. ज्या तारेच्या साधनासाठी कोणतीच नोंद नाही, त्याच्यासाठी व्यवस्थापक आपण होऊन एक नोंद रचतो. ‘वायर्ड कनेक्शन १’ असे नाव यादीत दिसते, ते हिचेच. ही नोंद आरंभी तात्पुरती असते. तिच्यात काही बदल केला म्हणजे ती कायमच्या साठ्यात जाते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेविली पाहिजे. वापरणाऱ्याने ही नोंद पुसली, तर व्यवस्थापक त्याचा अर्थ ‘या साधनासाठी आपोआप नोंद नको’ असा घेतो आणि तो निर्णय लिहून ठेवतो. म्हणून तार काढून पुन्हा लावली, संगणक बंद करून सुरू केला, तरी ती परत येत नाही. अनेकांनी या अवस्थेत केबल बदलली आहे, काहींनी संपूर्ण प्रणाली नव्याने बसविली आहे. वस्तुतः हाताने एक नवी नोंद करणे एवढाच उपाय पुरेसा असतो.

‘तोडणे’ या क्रियेचेही असेच आहे. साधन हाताने तोडले, तर ते आपोआप पुन्हा जोडले जात नाही, कारण तोडण्यात वापरणाऱ्याची इच्छा व्यक्त झाली असे मानले जाते. जोडणी आपोआप तुटली, तर मात्र व्यवस्थापक ती पुन्हा साधू पाहतो. सामान्यतः तो चार वेळा प्रयत्न करतो आणि मग काही काळ थांबतो.

५. दोन नियमांचा विरोध

पाणिनीय व्याकरणात एकाच स्थळी दोन नियम प्राप्त झाले असता कोणता बलवान, हे ठरविण्यासाठी परिभाषा सांगितल्या आहेत. येथेही त्यांची गरज भासते, आणि विरोधाची स्थळे दोन आहेत.

पहिले स्थळ: एका बिनतारी साधनाच्या टप्प्यात दोन परिचित जाळी आहेत. कोणती नोंद लागू करावयाची? प्रत्येक नोंदीत एक अग्रक्रमांक असतो. तो उणे ९९९ पासून ९९९ पर्यंत असू शकतो आणि मुळात शून्य असतो. मोठा क्रमांक जिंकतो. क्रमांक समान असल्यास जी नोंद अलीकडे वापरली गेली, ती निवडली जाते.

दुसरे स्थळ: तार आणि वाय-फाय दोन्ही एकाच वेळी जोडलेली आहेत. बाहेर जाणारी माहिती कोणत्या मार्गाने जावी? येथे प्रत्येक मार्गाला एक भारांक असतो. तारेचा मूळ भारांक १००, वाय-फायचा ६००. आणि येथे लहान अंक जिंकतो. म्हणून तार लावताच वाय-फाय न तोडताही वाहतूक तारेकडे वळते. तारेतून बाहेरच्या जगापर्यंत पोहोचता येत नाही असे तपासणीत आढळल्यास व्यवस्थापक तिच्या भारांकात २०,००० मिळवितो आणि वाय-फायचा मार्ग आपोआप पुढे येतो. अर्थात ही तपासणी चालू ठेविलेली असेल तरच.

पहिल्या ठिकाणी मोठा अंक बलवान, दुसऱ्या ठिकाणी लहान. या विपरीत संकेतांचे मूळ पुन्हा त्याच भेदात आहे: पहिला अंक कोणती नोंद लागू करावी हे ठरवितो, दुसरा सिद्ध झालेल्या जोडण्यांतून मार्ग निवडतो.

६. पासवर्ड कोणाचा आणि ओळख कोणाची

वाय-फायचा पासवर्ड ठेवण्याचे तीन प्रकार आहेत. तो सर्व वापरणाऱ्यांसाठी ठेविला, तर नोंदीच्या फाइलीतच लिहिला जातो; ती फाइल केवळ मुख्य प्रशासकास वाचता येते. तो एकाच व्यक्तीसाठी ठेविला, तर त्या व्यक्तीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात जातो. तिसऱ्या प्रकारात तो प्रत्येक वेळी विचारला जातो. प्रारंभी उल्लेखिलेला प्रयोगशाळेतील संगणक दुसऱ्या प्रकाराचा बळी होय. रात्री वीज जाऊन आली, संगणक पुन्हा सुरू झाला. परंतु पासवर्ड ज्याच्या जुडग्यात आहे, तो मनुष्य समोर बसून आत शिरेपर्यंत जोडणी होणे शक्य नाही. दुरून गाठावयाच्या संगणकास तार द्यावी. ते अशक्य असल्यास पासवर्ड पहिल्या प्रकाराने ठेवावा.

विद्यापीठीय जाळ्यांत याहून गंभीर प्रश्न उद्भवतो. २००२ मध्ये युरोपात आरंभ झालेल्या आणि भारतात अर्नेट इंडियाच्या द्वारे चालणाऱ्या ‘एज्युरोम’सारख्या योजनेत प्रत्येकाचे नाव व पासवर्ड स्वतंत्र असतात. तेथे जाळे वापरणाऱ्याची ओळख पटवून घेते, तशीच वापरणाऱ्याच्या संगणकानेही जाळ्याची ओळख पटवून घ्यावयाची असते. त्यासाठी नोंदीत प्रमाणपत्राचा रकाना आहे. ‘प्रमाणपत्र आवश्यक नाही’ या चौकटीत खूण केली की जोडणी लवकर होते, हे खरे. परंतु त्यानंतर त्याच नावाचे बनावट केंद्र कोणी उभारले, तर संगणक त्यालाही विद्यापीठ समजतो, आणि पासवर्ड किंवा तो उकलण्यास पुरेशी सामग्री परक्याच्या हाती जाते. जाळ्याचे नाव ही त्याची ओळख नव्हे. नाव कोणीही धारण करू शकतो.

याच्या उलट बाजूही आहे. काही संस्था संगणकाचा मॅक पत्ता नोंदवून प्रवेश देतात. फेडोराच्या ४० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, प्रत्येक वाय-फाय जाळ्यासाठी निराळा पण स्थिर पत्ता योजिला जातो. वापरणाऱ्याचा माग काढता येऊ नये, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. तथापि नव्या आवृत्तीनंतर जुना संगणक संस्थेच्या जाळ्यास अनोळखी वाटू लागला, तर बिघाड शोधत न बसता त्या नोंदीत मूळ पत्ता वापरण्याची सूचना लिहावी किंवा नवा पत्ता संस्थेत नोंदवावा.

७. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून निदानाचा क्रम सहज निष्पन्न होतो. प्रथम साधन पाहावे: ते यादीत आहे काय, विमान-स्थितीमुळे बंद आहे काय, अथवा ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराबाहेर आहे काय? दुसऱ्या पायरीवर नोंद पाहावी: ती आहे काय, याच साधनाला लागू पडते काय, तिचा पासवर्ड या क्षणी उपलब्ध आहे काय? शेवटी प्रत्यक्ष जोडणी पाहावी: संगणकास पत्ता मिळाला काय आणि वाहतूक कोणत्या मार्गाने जात आहे? हा क्रम उलटल्यास मनुष्य साधनाच्या दोषासाठी नोंद पुसतो किंवा नोंदीच्या दोषासाठी केबल बदलतो.

‘कनेक्शन गेले’ हे वाक्य ऐकताच ‘तीनपैकी कोणते?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लागली, म्हणजे पुष्कळसे काम झाले. शब्दाचे अर्थ वेगळे करणे हा भाषेच्या अभ्यासकाचा नित्याचा उद्योग आहे. येथे तोच उद्योग त्याची सामग्री सुरक्षित राखतो.