सनरूफ बंद होता होता परत का उघडतं?

मे महिना, धुळ्याहून जळगावला येत होतो. वळवाचे थेंब पडायला लागले, मित्राने बटण दाबलं. सनरूफची काच पुढे सरकली, आता टेकणार तेवढ्यात थांबली आणि उलटी मागे गेली. तीनदा असंच झालं. तो म्हणाला, "मोटर गेली." पण मोटर गेली असती तर काच मागे कशी आली?

मोटरच्या आसावर छोटं चुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर असतो. मोटर फिरते तसे त्याचे पल्स मोजून काच कुठे आहे, किती वेगात आहे हे कंट्रोलरला कळतं. वेग एकदम घटला की तो धरून चालतो, मध्ये कुणाचं बोट आलंय. म्हणून काच मागे घेतो.

आपल्याकडे उन्हाळाभर काळ्या मातीची धूळ रुळात बसते, ग्रीसमध्ये कालवली जाते. उन्हाने रबर कडक होतं. घर्षण वाढतं. बोट आणि धूळ यातला फरक कंट्रोलरला कळत नाही.

विजेवर मिटणाऱ्या कापडी छताचंही तसंच. आधीचा टप्पा पूर्ण झाल्याचा सिग्नल आला नाही, तर पुढची खिटी लागत नाही.

आधी रूळ पुसा, रबराला सिलिकॉन ग्रीस लावा. बॅटरी काढून लावली असेल, तर काचेची जागा कंट्रोलरला पुन्हा शिकवावी लागते; रीत गाडीच्या पुस्तिकेत असते. मात्र शिकवताना बऱ्याच गाड्यांत बोट ओळखणारं संरक्षण बंद असतं. पोरांचे हात तेव्हा लांबच ठेवा.

भिजलेली सीट वाळते. बोटाचं तसं नाही, म्हणून यंत्र संशयाचा फायदा बोटाला देतं.