मोटारीचा कंडेन्सर बदलताना

उसाला पाणी द्यायची पाळी आली आणि सिंगल फेज मोटार नुसतीच घूं घूं करते, फिरत नाही. अशा वेळी बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. फुगलेला किंवा गळणारा कंडेन्सर तर बदललाच पाहिजे.

पण घाई नको. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावेत. लाईट बंद केली तरी कंडेन्सर चार्ज धरून ठेवू शकतो; तो झटका जिवावर बेततो. पुष्कळजण स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी काढतात. तसे करू नये. होल्डरमधल्या तारेच्या बल्बच्या वायरी दोन्ही टोकांना काही सेकंद धरून, मीटरवर शून्य पाहूनच हात लावावा.

नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा कमी नको. जास्त मायक्रोफॅरडने पाणी वाढत नाही, वाइंडिंग जळते. स्टार्टचा कंडेन्सर क्षणभराच्या कामाचा; तो रनच्या जागी लावल्यास फुटतो.

आमचे सांगणे एवढेच: माहिती नसेल तर वायरमन बोलवा. पाणी एक दिवस लांबले तरी ऊस तग धरतो. घरचा कर्ता माणूस मात्र परत मिळत नाही.