खांबबाबा आणि तक्षशिलेचा यवन

आमच्या पोलोग्राउंडात पोलोचं मैदान शोधू नका. तिथे कारखान्यांच्या शेड आणि वीज कंपनीची कचेरी आहे. मैदानाचं नाव तेवढं उरलंय. विदिशेजवळच्या बेसनगरला गेले तेव्हा मला हेच आठवलं.

ग्रीक अवशेष म्हटलं की आपल्याला अथेन्स आठवतं. पण ग्रीकांची एक खूण आपल्या मध्यप्रदेशातच, भोपाळच्या थोडं पुढे आहे. बेसनगर म्हणजे प्राचीन विदिशा. बेतवा आणि बेस या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं मोठं शहर. आज तिथे शेतं, घरं आणि मातीचे उंचवटे आहेत. म्हणून विदिशा स्टेशनपासून शक्यतो पायीच जा. गाडीतून हे उंचवटे लक्षातही येत नाहीत.

तिथेच एक दगडी खांब एकटा उभा आहे. गावकरी त्याला 'खांबबाबा' म्हणतात. त्याच्याभोवती एक फेरी मारा. खाली ८ पैलू, वर १६, त्यावर ३२ आणि शेवटी तो गोल होतो. १८७७ मध्ये कनिंगहॅम यांनी तो पाहिला, पण पूजेच्या शेंदराचा थर इतका जाड होता की खालची अक्षरं त्यांना दिसलीच नाहीत. ती उजेडात आली १९०९ मध्ये. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. मजकुराचा अर्थ असा: वासुदेवाचा हा गरुडध्वज हेलिओडोरस या भागवताने उभारला. तो तक्षशिलेचा, दिऑनचा मुलगा आणि ग्रीक राजा अंतिअल्किदासचा दूत म्हणून इथल्या भागभद्र राजाकडे आलेला. खाली आणखी एक छोटा लेख आहे: दम, त्याग आणि अप्रमाद ही तीन पावलं स्वर्गाला नेतात. काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक.

पुढे देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी इथे उत्खनन केलं. नंतर १९६३ ते १९६५ च्या उत्खननात लंबवर्तुळाकार मंदिराचा पाया सापडला. म्हणजे आज एकटा दिसणारा खांब तेव्हा एकटा नव्हता.

मला मात्र थांबवलं ते 'यवनदूत' या शब्दाने. हेलिओडोरस स्वतःला भागवत म्हणवतो आणि त्याच दमात यवनही. बापाचं नाव, गाव, काहीच लपवत नाही. मी मराठी, कॅथलिक आणि इंदूरची, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "असं कसं?" आजवर मी नुसती हसायचे. आता सांगते, विदिशेला जाऊन या. एका माणसात दोन-तीन गावं राहू शकतात, हे तिथे दगडावर कोरलंय, २१०० वर्षांपूर्वी.

जाल तेव्हा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उजेडात अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात.